अचूक म्हणजे किती अचूक? क्षयरोगाच्या रेणवीय चाचण्यांच्या पारखीचा इतिहास

प्रास्ताविक

क्षयरोगाच्या निदानावरचे कोणतेही पाठ्यपुस्तक उघडा. त्यात चाचण्यांचा एक तक्ता असतो आणि प्रत्येक चाचणीपुढे संवेदनशीलता व विशिष्टता यांचे टक्के दिलेले असतात. परीक्षेसाठी आपण ते पाठ करतो. या पाठात मात्र आपण ते टक्के कुठून आले, कोणी मोजले, कोणत्या रुग्णांवर मोजले आणि कशाशी ताडून मोजले, हे पाहणार आहोत.

हे पाहणे का आवश्यक आहे? निदानाची चाचणी दोन प्रकारे चुकते. आजार असून ती 'नाही' म्हणाली, तर रुग्ण औषधाविना घरी जातो, त्याची प्रकृती ढासळते आणि घरातल्यांनाही लागण होत राहते. आजार नसताना ती 'आहे' म्हणाली, तर निरोगी माणूस किमान सहा महिने औषधे घेतो. औषधप्रतिरोधाचा निकाल चुकला, तर किंमत याहून मोठी असते. प्रतिरोधी क्षयरोगावर अनेक वर्षे जी इंजेक्शने दिली जात, त्यांनी काही रुग्णांची श्रवणशक्ती कायमची गेली. म्हणून चाचणीची पारख ही केवळ प्रयोगशाळेची अंतर्गत बाब नाही.

या पाठाचे मुख्य प्रतिपादन असे : 'ही चाचणी किती अचूक आहे?' हा प्रश्न अपुरा आहे. कोणाच्या हातात, कोणत्या रुग्णांवर, कशाच्या तुलनेत आणि निकालानंतर पुढे काय, हे चार प्रश्न त्याला जोडल्याशिवाय उत्तराला अर्थ येत नाही. हे चारही प्रश्न गेल्या तीन-साडेतीन दशकांतल्या ठोस अनुभवांतून पुढे आले. त्यांपैकी महत्त्वाचे काही प्रसंग मुंबई आणि गोवा येथे घडले आहेत.

१. दोन जुनी मापे : सूक्ष्मदर्शक आणि कल्चर

२४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये क्षयरोगाचा जीवाणू सापडल्याचे जाहीर केले. त्यानंतर थोड्याच काळात झील आणि नीलसन यांच्या नावाने ओळखली जाणारी रंगक्रिया रूढ झाली. रुग्णाचा बेडका काचपट्टीवर पसरायचा, रंगवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली लाल काड्या शोधायच्या, ही पद्धत शंभराहून अधिक वर्षे टिकली. ती स्वस्त आहे आणि तालुक्याच्या ठिकाणीही करता येते. १९६२ मध्ये सुरू झालेला भारताचा राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम याच तपासणीच्या आधारावर उभा राहिला.

तिची मर्यादा संख्येची आहे. एक मिलिलिटर बेडक्यात साधारण ५,००० ते १०,००० जीवाणू असतील, तरच ते काचपट्टीवर दिसण्याची शक्यता असते. लहान मुले, एचआयव्हीबाधित रुग्ण आणि आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यातले रुग्ण यांच्या बेडक्यात इतके जीवाणू बहुधा नसतात. शिवाय दिसलेला जीवाणू औषधाला दाद देणारा आहे की नाही, हे सूक्ष्मदर्शक सांगू शकत नाही.

दुसरे माप जीवाणूसंवर्धनाचे, म्हणजे कल्चरचे. मिलिलिटरमागे १० ते १०० जिवंत जीवाणू असले तरी ते वाढवून दाखवता येतात. म्हणून कल्चरला प्रमाण चाचणी मानतात. पण घन माध्यमावर वाढ दिसायला चार ते आठ आठवडे लागतात आणि औषधप्रतिरोध तपासायला आणखी वेळ जातो.

येथे दोन संज्ञा पक्क्या करून घ्या. प्रमाण चाचणीने 'आजार आहे' असे ठरवलेल्यांपैकी नवी चाचणी जितक्यांना पकडते, ते प्रमाण म्हणजे संवेदनशीलता. प्रमाण चाचणीने 'आजार नाही' असे ठरवलेल्यांपैकी नवी चाचणी जितक्यांना 'नाही' म्हणते, ते प्रमाण म्हणजे विशिष्टता. दोन्ही व्याख्या प्रमाण चाचणीवर उभ्या आहेत हे लक्षात ठेवा. ते प्रमाणच डळमळीत असेल तर काय होते, हे पुढे येईल.

२. पीसीआरचे आगमन आणि सात प्रयोगशाळा

१९८३ मध्ये कॅरी म्युलिस यांनी पॉलिमरेज साखळी अभिक्रिया, म्हणजे पीसीआर, ही कल्पना मांडली. १९९३ मध्ये त्यांना त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. डीएनएच्या एका नेमक्या तुकड्याच्या असंख्य प्रती काही तासांत करता येतात, हे कळल्यावर क्षयरोगतज्ज्ञांच्या आशा साहजिकच वाढल्या. आठ आठवडे जीवाणू वाढण्याची वाट पाहण्यापेक्षा त्याचा डीएनएच वाढवला तर? १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून अनेक प्रयोगशाळांनी स्वतःच्या पद्धती तयार केल्या आणि उत्तम निकाल प्रसिद्ध केले.

१९९४ मध्ये नूर्डहूक आणि सहकाऱ्यांनी एक साधा पण कठोर प्रयोग प्रसिद्ध केला. सात प्रयोगशाळांना एकसारखे नमुने पाठवण्यात आले. कोणत्या नमुन्यात जीवाणू घातले आहेत आणि कोणत्यात नाहीत, हे प्रयोगशाळांना सांगितले नव्हते. ज्या नमुन्यांत जीवाणू नव्हते, त्यांतही चुकीने 'आहे' म्हणण्याचे प्रमाण बहुतेक ठिकाणी ३ ते २० टक्के होते. एका प्रयोगशाळेत तर ते ७७ टक्के निघाले. उलट, १,००० जीवाणू घातलेल्या नमुन्यांत ते ओळखण्याचे प्रमाण प्रयोगशाळेगणिक २ टक्क्यांपासून ९० टक्क्यांपर्यंत बदलत होते.

रसायनशास्त्र सगळीकडे तेच असताना निकाल इतके वेगळे का आले? पीसीआर ज्या गुणामुळे प्रभावी ठरते, त्याच गुणात याचे उत्तर आहे. आधीच्या प्रयोगातल्या प्रतींपैकी एखादी जरी हवेतून, हातमोज्यातून किंवा नळीतून पुढच्या नमुन्यात गेली, तर तीही वाढते. म्हणून चाचणी 'कोणाच्या हातात' हा पहिला प्रश्न. एका उत्तम प्रयोगशाळेचा आकडा हा त्या प्रयोगशाळेचाही आकडा असतो. पुढे बंद कार्ट्रिजची चाचणी आली, तिचे एक मोठे कारण हा दूषणाचा प्रश्न होता.

दुसरा धडा भारतातून मिळाला. अनेक पीसीआर पद्धती जीवाणूच्या डीएनएतल्या आयएस ६११० या तुकड्यावर नेम धरत होत्या. बहुतेक वंशप्रकारांत याच्या अनेक प्रती असतात, त्यामुळे तो पकडणे सोपे. परंतु दक्षिण भारतातल्या रुग्णांकडून मिळालेल्या काही जीवाणूंत याची एकच प्रत, तर काहींत एकही प्रत नाही, असे १९९०च्या दशकात दिसून आले. युरोपात बिनचूक वाटणारी पद्धत अशा रुग्णाला 'आजार नाही' म्हणू शकते. म्हणून 'कोणत्या रुग्णांवर' या प्रश्नात 'कोणत्या जीवाणूंवर' हाही प्रश्न सामावलेला आहे.

३. पारख न करता विकलेल्या चाचण्या

चाचणीची पारख नीट झाली नाही तर काय होते, याचे मोठे उदाहरण रेणवीय चाचण्यांचे नसून रक्तातली प्रतिपिंडे शोधणाऱ्या चाचण्यांचे आहे. तरीही ते या इतिहासात महत्त्वाचे आहे, कारण रेणवीय चाचण्यांचे मूल्यमापन त्याच काळात आणि त्याच बाजारपेठेत झाले.

भारतातल्या खासगी प्रयोगशाळांत या रक्तचाचण्या सर्रास होत. २०११ मधल्या एका अंदाजानुसार देशात वर्षाला सुमारे १५ लाख अशा चाचण्या केल्या जात होत्या. त्याच वर्षी स्टाइनगार्ट आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध अभ्यास एकत्र करून तपासले. वेगवेगळ्या अभ्यासांत संवेदनशीलता ० ते १०० टक्के आणि विशिष्टता ३१ ते १०० टक्के अशी पसरलेली आढळली. जुलै २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या चाचण्या वापरू नयेत, असे स्पष्टपणे सांगितले. क्षयरोगाच्या चाचणीविरुद्ध संघटनेने अशी शिफारस करण्याची ही पहिलीच वेळ होती. यांपैकी बऱ्याचशा चाचण्या युरोप व उत्तर अमेरिकेत तयार होत होत्या, पण मान्यताप्राप्त नियामक संस्थेची मंजुरी त्यांना नव्हती. जून २०१२ मध्ये भारत सरकारने त्यांची आयात, निर्मिती आणि विक्री यांवर बंदी घातली.

यातून लक्षात ठेवण्याची गोष्ट अशी की बाजारात उपलब्ध असणे आणि पारखलेली असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २००३ मध्ये निदानचाचण्यांचे अभ्यास कसे नोंदवावेत यासाठी 'स्टार्ड' हे निकष आणि असे अभ्यास कसे तपासावेत यासाठी 'क्वाडास' हे साधन प्रसिद्ध झाले होते. रुग्ण कसे निवडले, प्रमाण चाचणी कोणती होती, निकाल वाचणाऱ्याला दुसरा निकाल आधी माहीत होता का, असे प्रश्न त्यांत आहेत. रक्तचाचण्यांचे अनेक अभ्यास या प्रश्नांवर कमकुवत ठरले.

४. मुंबई, २०१० : कार्ट्रिजमधली प्रयोगशाळा

रिफाम्पिसिन हे क्षयरोगाच्या उपचारातले कळीचे औषध. त्याला जीवाणू दाद देत नसेल, तर त्याचे कारण बहुतेक वेळा आरपीओबी या जनुकातल्या ८१ अक्षरांच्या छोट्या पट्ट्यात झालेला बदल असते. हे १९९३ मध्ये स्पष्ट झाले. सुमारे ९५ टक्के प्रतिरोधी जीवाणूंत हा बदल त्या पट्ट्यात सापडतो. म्हणजे तेवढीच ८१ अक्षरे वाचली, तर जीवाणू आहे का आणि तो रिफाम्पिसिनला जुमानतो का, ही दोन्ही उत्तरे एकदम मिळू शकतात.

या कल्पनेवर एक्स्पर्ट एमटीबी/रिफ ही चाचणी तयार झाली. भारताच्या कार्यक्रमात तिला 'सीबीनाट' म्हणतात. बेडका प्रक्रिया करून प्लॅस्टिकच्या बंद कार्ट्रिजमध्ये घालायचा आणि कार्ट्रिज यंत्रात ठेवायचे. डीएनए वेगळा काढणे, वाढवणे आणि वाचणे ही सर्व कामे आतच होतात आणि दोन तासांच्या आत निकाल मिळतो. कार्ट्रिज बंद असल्यामुळे १९९४ मध्ये उघड झालेला दूषणाचा धोका बराच कमी झाला.

तिचे पहिले मोठे मूल्यमापन सप्टेंबर २०१० मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाले. लिमा, बाकू, केप टाउन, डर्बन आणि मुंबई ही त्याची पाच केंद्रे. मुंबईतले केंद्र माहीमचे पी. डी. हिंदुजा रुग्णालय होते आणि तेथील सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ डॉ. कॅमिला रॉड्रिग्ज या निबंधाच्या सहलेखिका आहेत. एकूण १,७३० रुग्ण अभ्यासात होते. निकाल नीट वाचा :

कल्चर आणि सूक्ष्मदर्शक दोन्हींत जीवाणू आढळलेल्या ५६१ रुग्णांपैकी ५५१ जणांना एकाच चाचणीने ओळखले, म्हणजे ९८.२ टक्के.

कल्चरमध्ये आढळला पण सूक्ष्मदर्शकाखाली दिसला नाही, अशा १७१ रुग्णांपैकी १२४ जणांना ओळखले, म्हणजे ७२.५ टक्के.

क्षयरोग नसलेल्या ६०९ पैकी ६०४ जणांना 'नाही' म्हटले, म्हणजे ९९.२ टक्के.

रिफाम्पिसिनला प्रतिरोध असलेल्या २०५ पैकी २०० आणि प्रतिरोध नसलेल्या ५१४ पैकी ५०४ जण बरोबर ओळखले, म्हणजे अनुक्रमे ९७.६ आणि ९८.१ टक्के.

पहिल्या दोन ओळींची बेरीज केली, तर ७३२ पैकी ६७५, म्हणजे ९२.२ टक्के येतात. जाहिरातीत हाच एक आकडा दिसेल. पण ९८ आणि ७२ यांतला फरक त्यात लपतो. सूक्ष्मदर्शकाने सुटणारे रुग्ण हेच नव्या चाचणीची खरी गरज असलेले रुग्ण आणि त्यांच्यात चारांमागे एक अजूनही सुटत होता. अभ्यासात सूक्ष्मदर्शकाला दिसणारे रुग्ण जितके अधिक घ्याल, तितका एकत्रित आकडा फुगतो. या दोषाला रुग्णनिवडीचा पूर्वग्रह म्हणतात.

आता ते दहा रुग्ण पाहा, ज्यांना कल्चरने 'प्रतिरोध नाही' आणि यंत्राने 'प्रतिरोध आहे' म्हटले. व्याख्येनुसार ही यंत्राची चूक. परंतु विसंगत नमुन्यांचा जनुकक्रम वाचल्यावर बहुतेक ठिकाणी यंत्राचेच म्हणणे खरे निघाले. पुढील संशोधनातून कळले की आरपीओबीमधल्या काही बदलांमुळे जीवाणू औषधाला अर्धवटच दाद देतो आणि कल्चरवरची नेहमीची तपासणी त्याला 'दाद देणारा' ठरवते. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कल्चर तपासणीतली रिफाम्पिसिनची निर्णायक मात्रा लिटरला १ मिलिग्रॅमवरून अर्ध्या मिलिग्रॅमवर आणली. म्हणजे मापायला घेतलेल्या वस्तूमुळे मोजपट्टीच दुरुस्त करावी लागली. 'कशाच्या तुलनेत' हा तिसरा प्रश्न यातून स्पष्ट होतो.

उलट उदाहरणही आहे. आफ्रिकेतल्या इस्वातिनी (तेव्हाचे स्वाझिलँड) या देशात २००९ च्या पाहणीतल्या बहुऔषध-प्रतिरोधी जीवाणूंपैकी १२५ मधील ३८ जीवाणूंत आरपीओबीचा बदल त्या ८१ अक्षरांच्या बाहेर होता, असे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. एक्स्पर्टला तो दिसत नाही. आयएस ६११० चाच धडा येथे नव्या रूपात समोर आला.

५. मुंबईचा आकडा गाझियाबादला लागू पडतो का?

समजा, तुम्ही दिल्लीशेजारच्या गाझियाबादमध्ये काम करत आहात आणि तुमच्यापुढे वरचाच तक्ता आहे. डॉक्टर आणि रुग्ण यांना संवेदनशीलता नको असते. त्यांचा प्रश्न असतो, "निकाल 'आढळला' असा आला आहे, तर आजार खरोखर असण्याची शक्यता किती?" याला धन भाकीत मूल्य म्हणतात. ते चाचणीइतकेच ज्यांची तपासणी केली त्यांच्यावर अवलंबून असते. पुढची गणिते समजण्यासाठी कल्पिली आहेत. कागद-पेन घेऊन स्वतः करून पाहा.

पहिला प्रसंग : छातीच्या विकारांच्या बाह्यरुग्ण विभागात दोन आठवड्यांहून अधिक खोकला असलेले १,००० जण आले आणि त्यांतल्या २०० जणांना क्षयरोग आहे, असे धरू. संवेदनशीलता ९२ टक्के धरली तर १८४ जण सापडतील आणि १६ सुटतील. विशिष्टता ९९.२ टक्के धरली तर ८०० निरोगी लोकांपैकी सुमारे ६ जणांना चुकीचा 'आढळला' निकाल मिळेल. एकूण १९० पैकी १८४ खरे, म्हणजे सुमारे ९७ टक्के. निकालावर विश्वास ठेवण्यास हरकत नाही.

दुसरा प्रसंग : शहरातल्या १ लाख प्रौढांची सरसकट तपासणी केली. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय क्षयरोग प्रादुर्भाव सर्वेक्षणात १५ वर्षांवरील १ लाख लोकांमागे ३१६ जणांना फुप्फुसाचा क्षयरोग असल्याचे आढळले होते. तोच दर धरू. ३१६ पैकी सुमारे २९१ सापडतील. पण ९९,६८४ निरोगी लोकांपैकी ०.८ टक्के, म्हणजे सुमारे ७९७ जणांनाही 'आढळला' असा निकाल मिळेल. १,०८८ पैकी २९१ खरे, म्हणजे सुमारे २७ टक्के. तेच यंत्र, तीच कार्ट्रिज, पण चार निकालांपैकी जवळपास तीन चुकीचे. म्हणूनच समाजात शोधमोहीम राबवताना आधी लक्षणे आणि क्ष-किरण यांनी चाळणी लावतात आणि मगच रेणवीय चाचणी करतात.

प्रतिरोधाच्या निकालालाही हेच लागू पडते. २०१४ ते २०१६ च्या राष्ट्रीय औषधप्रतिरोध सर्वेक्षणात नव्या रुग्णांपैकी २.८४ टक्के आणि पूर्वी उपचार घेतलेल्यांपैकी ११.६ टक्के रुग्णांत बहुऔषध-प्रतिरोध आढळला. हाच दर घेऊन २०१० चे आकडे लावले, तर १,००० नव्या रुग्णांत सुमारे २७ खरे आणि १८ चुकीचे 'प्रतिरोध आहे' निकाल येतील. म्हणजे पाचांपैकी दोन रुग्णांवर विनाकारण कठीण उपचार होतील. पूर्वी उपचार घेतलेल्यांत हे प्रमाण ११३ ला १७ असे सुधारते. मोजपट्टीचा दोष आपण वर पाहिला, त्यामुळे प्रत्यक्षातली चूक यापेक्षा कमी असते. तरीही प्रतिरोधाची शक्यता मुळातच कमी असलेल्या रुग्णात असा निकाल आला, तर चाचणी पुन्हा करावी, या सल्ल्यामागे हेच गणित आहे.

६. गोवा : प्रयोगशाळेबाहेरची कसोटी

जीनएक्स्पर्टचे यंत्र प्रयोगशाळेत उत्तम चालते. परंतु त्याला अखंड वीज, धूळ नसलेली थंड खोली आणि नियमित अंशांकन लागते. ज्या देशात क्षयरोगाची बहुसंख्य तपासणी छोट्या सूक्ष्मदर्शक केंद्रांत होते, तेथे ही अडचण मोठी आहे. 'ट्रूनॅट' ही चाचणी या अडचणीतून पुढे आली. तिचे तंत्र बेंगळुरूच्या बिगटेक लॅब्जने विकसित केले आणि गोव्यातल्या वेर्णा येथील मोलबायो डायग्नॉस्टिक्सने ते बाजारात आणले. यंत्र बॅटरीवर चालते आणि पीसीआर एका छोट्या चिपवर होते. मात्र त्यात हाताने करण्याचे टप्पे अधिक आहेत. डीएनए एका यंत्रात वेगळा करायचा आणि मग तो पिपेटने चिपवर टाकायचा. रिफाम्पिसिनसाठी दुसरी चिप लागते. तिच्या 'एमटीबी प्लस' या प्रकारात आयएस ६११० च्या जोडीला दुसरेही लक्ष्य आहे. दक्षिण भारतातला अनुभव आठवला, तर दोन लक्ष्ये घेण्याचा फायदा तुमच्या लक्षात येईल.

सुरुवातीच्या मूल्यमापनांपैकी एक हिंदुजा रुग्णालयातच झाले आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात केवळ कल्चर प्रमाण न मानता अनेक पुरावे एकत्र करून संमिश्र प्रमाण वापरले होते. निकाल उत्साहवर्धक होते, परंतु ते एका नामांकित रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतले होते. चाचणी तर केंद्रांवर चालवायची होती.

म्हणून भारत, इथिओपिया, पापुआ न्यू गिनी आणि पेरू या चार देशांत मोठा अभ्यास झाला. त्यात १,८०७ जण सहभागी होते आणि चाचणी प्रत्यक्ष सूक्ष्मदर्शक केंद्रांत चालवली गेली. तेथे ट्रूनॅट एमटीबीची संवेदनशीलता ७३ टक्के आणि एमटीबी प्लसची ८० टक्के आली. सूक्ष्मदर्शकाखाली जीवाणू न दिसलेल्या रुग्णांत ती अनुक्रमे ३६ आणि ४७ टक्केच होती.

आता सावध राहा. मागच्या विभागातला ७२.५ टक्के हा आकडा शेजारी ठेवून 'ट्रूनॅट एक्स्पर्टपेक्षा फारच कमजोर' असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो चुकीचा आहे. २०१० चे रुग्ण वेगळे, देश वेगळे, काम करणारे हात वेगळे. दोन चाचण्यांची तुलना तेव्हाच न्याय्य होते, जेव्हा त्याच रुग्णांचे नमुने दोन्हींवर तपासले जातात. याच अभ्यासात संदर्भ प्रयोगशाळांत अशी समोरासमोर तुलना झाली आणि ट्रूनॅटची कामगिरी एक्स्पर्टसारखीच असल्याचे दिसले. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ट्रूनॅटला मान्यता दिली. परीक्षेत दोन अभ्यासांतले आकडे देऊन 'कोणती चाचणी श्रेष्ठ?' असे विचारले, तर उत्तर देण्यापूर्वी ते एकाच अभ्यासातले आहेत का, हे आधी पाहा.

७. निकालानंतर पुढे काय?

येथपर्यंत आपण अचूकतेबद्दल बोललो. रुग्णाच्या दृष्टीने ती वाटेतली एक पायरी आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सहा देशांतल्या अभ्यासात एक्स्पर्टमुळे सूक्ष्मदर्शकाने सुटलेल्या रुग्णांचा उपचार सुरू होण्याचा मध्यक कालावधी ५६ दिवसांवरून ५ दिवसांवर आला. यामुळे मृत्यूही कमी होतील, असे सर्वांनाच वाटले.

परंतु २०१४ मध्ये आफ्रिकेतल्या चार देशांतला आणि २०१५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतला, अशा दोन मोठ्या यादृच्छिक चाचण्या प्रसिद्ध झाल्या. पहिलीत त्याच दिवशी उपचार सुरू होणाऱ्यांची संख्या वाढली, पण रुग्णांच्या आजारपणात मोजता येण्याजोगा फरक पडला नाही. दुसरीत सहा महिन्यांतल्या मृत्यूंत सिद्ध होईल असा फरक दिसला नाही. याचे एक मुख्य कारण असे की चाचणी 'नाही' म्हणाली तरी अनुभवी डॉक्टर लक्षणे आणि क्ष-किरण पाहून उपचार सुरू करतच होते. दुसरे कारण असे की निकाल आला तरी तो रुग्णापर्यंत पोहोचतोच असे नाही. म्हणून नवी चाचणी निरुपयोगी असा अर्थ काढू नका. ती ज्या व्यवस्थेत जाते, त्या व्यवस्थेवर तिचा लाभ ठरतो, एवढाच त्याचा अर्थ.

भारतात १८ उपजिल्हास्तरीय क्षयरोग केंद्रांवर एक्स्पर्ट वापरून पाहिली गेली आणि निकाल २०१५ मध्ये आले. जीवाणू सिद्ध झालेल्या रुग्णांची नोंद ३९ टक्क्यांनी वाढली आणि रिफाम्पिसिन-प्रतिरोधी रुग्णांची नोंद सुमारे पाचपट झाली. ज्या ठिकाणी पूर्वी प्रतिरोधाची तपासणी बहुतेकांना मिळतच नव्हती, तेथे लाभ इतका मोठा दिसणे स्वाभाविक होते.

मुंबईचा अनुभवही येथे जोडून पाहा. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुंबईतल्या १०६ खासगी डॉक्टरांना क्षयरोगाचे औषधपत्र लिहायला सांगितले. त्यांनी ६३ वेगवेगळ्या पद्धती लिहिल्या आणि त्यांतली फक्त सहा औषधपत्रे योग्य होती. या अभ्यासाचे एक लेखक डॉ. झरीर उदवाडिया यांनीच पुढे हिंदुजा रुग्णालयात तपासलेल्या सर्व औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगाचे रुग्ण नोंदवले आणि जानेवारी २०१२ मध्ये ही बातमी जगभर गेली. ज्या रुग्णालयात जगातल्या उत्तम रेणवीय चाचणीची पारख झाली, त्याच रुग्णालयात हे रुग्णही आले. चाचणी प्रतिरोध ओळखते. चुकीच्या औषधपत्राने निर्माण होणारा प्रतिरोध ती थांबवू शकत नाही.

समारोप

सारांशाने सांगायचे, तर १९९४ च्या सात प्रयोगशाळांनी 'कोणाच्या हातात' हा प्रश्न दिला. दक्षिण भारतातल्या आणि इस्वातिनीतल्या जीवाणूंनी 'कोणत्या रुग्णांवर' हा प्रश्न दिला. २०१० च्या विसंगत नमुन्यांनी 'कशाच्या तुलनेत' हे विचारायला शिकवले आणि आफ्रिकेतल्या यादृच्छिक चाचण्यांनी 'पुढे काय' हे विचारायला लावले. नव्या चाचण्या येत राहतील. जिभेवरून घेतलेल्या नमुन्यावर किंवा जीवाणूचा पूर्ण जनुकक्रम वाचण्यावर आज काम चालू आहे. त्यांचे टक्के तुमच्यासमोर येतील, तेव्हा त्यांना हेच चार प्रश्न विचारा.

स्वाध्याय

१. एका चाचणीची संवेदनशीलता ८५ टक्के आणि विशिष्टता ९८ टक्के आहे. १,००० जणांपैकी ५० जणांना आजार असेल, तर धन भाकीत मूल्य काढा. ३०० जणांना आजार असेल, तर ते किती होईल?

२. एका अभ्यासात फक्त सूक्ष्मदर्शकाने आजार सिद्ध झालेले रुग्ण आणि निरोगी विद्यार्थी घेतले. अशा अभ्यासातले संवेदनशीलता व विशिष्टता यांचे आकडे कोणत्या दिशेने चुकतील? का?

३. नवी चाचणी प्रमाण चाचणीपेक्षा चांगली असेल, तर तिची विशिष्टता कमी का दिसू शकते? रिफाम्पिसिनच्या उदाहरणाने स्पष्ट करा.

४. तुमच्या जिल्ह्यात क्षयरोगाची तपासणी कोणत्या केंद्रांवर होते, तेथे कोणती चाचणी वापरतात आणि नमुना दिल्यापासून औषध सुरू होईपर्यंत कोणकोणते टप्पे येतात, याची माहिती घेऊन एक पानाची टिपण लिहा. उशीर कोणत्या टप्प्यावर होतो?